वादळाची उजवी बाजू : मुंबई उपनगराचा किनारा आणि अरबी समुद्रातील चक्रीवादळे

प्रस्तावना :

मुंबई उपनगर जिल्हा १ ऑक्टोबर १९९० रोजी अस्तित्वात आला. अंधेरी, बोरीवली आणि कुर्ला या तीन तालुक्यांच्या या जिल्ह्यास पश्चिमेस अरबी समुद्राचा, तर पूर्वेस मुलुंड-घाटकोपरच्या बाजूने ठाणे खाडीचा शेजार लाभला आहे. जुहू, वेसावे, मढ, मार्वे, मनोरी, गोराई ही नावे आज पर्यटकांना अधिक परिचित असली, तरी ती मूलतः मासेमारी करणाऱ्यांच्या वस्तीची गावे होत. समुद्रावरील हवामान हा येथे शालेय भूगोलाचा विषय नसून रोजच्या उपजीविकेचा प्रश्न आहे.

या किनाऱ्याने एका वर्षाच्या आत दोन परस्परविरोधी अनुभव घेतले. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ हे तीव्र चक्रीवादळ रायगड जिल्ह्यात, उपनगरापासून शंभर किलोमीटरांच्या आत, किनाऱ्यास लागले. सारी मुंबई श्वास रोखून बसली होती. प्रत्यक्षात उपनगरात काही झाडे उन्मळली, पाऊस झाला आणि वादळ निघून गेले. १७ मे २०२१ रोजी ‘तौक्ते’ हे वादळ मुंबईच्या किनाऱ्यास लागलेच नाही. ते सुमारे दीडशे किलोमीटर अंतर राखून समुद्रातूनच उत्तरेकडे गेले आणि गुजरातमध्ये उना-दीवजवळ जमिनीवर आले. तरीही कुलाबा येथे वाऱ्याच्या झोताचा वेग ताशी ११४ किलोमीटरपर्यंत पोहोचला, अंधेरीच्या विमानतळावरील वाहतूक सकाळी अकरापासून रात्रीपर्यंत बंद ठेवावी लागली आणि सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत २३०.३ मिलिमीटर पावसाची नोंद झाली, जी तेथील मे महिन्यातील उच्चांकी नोंद ठरली.

समोरून आलेले वादळ सोडून गेले आणि बाजूने गेलेले झोडपून गेले, हे कसे? लोकव्यवहारात याचे उत्तर नशिबावर सोपविले जाते. वस्तुतः ते वाऱ्याच्या दिशेत आहे, आणि ते समजून घेणे फारसे अवघड नाही.

वादळाची जडणघडण :

मराठी पाठ्यपुस्तकांत ‘आवर्त’ हा शब्द रूढ आहे. मध्यभागी कमी दाब आणि भोवती चक्राकार फिरणारे वारे असे आवर्ताचे स्वरूप असते. उष्ण कटिबंधातील आवर्ताची शिदोरी म्हणजे समुद्राची ऊब. पृष्ठभागाचे पाणी साधारण २६.५ अंश सेल्सिअसहून अधिक तापलेले असले आणि ही ऊब काही खोलीपर्यंत टिकून असली, की बाष्पीभवन वेगाने होते. बाष्प वर चढून थंड होते, त्याचे ढगांत रूपांतर होते आणि या क्रियेत त्याने साठवलेली अप्रकट उष्णता मोकळी होते. तिच्यामुळे हवा आणखी हलकी होऊन वर जाते, खालचा दाब आणखी घटतो आणि भोवतालची दमट हवा आत ओढली जाते. हे चक्र जमिनीवर आल्यावर किंवा थंड पाण्यावर पोहोचल्यावर मंदावते, कारण तेथे त्याचा पुरवठा तुटतो.

आत ओढली जाणारी हवा सरळ केंद्राकडे जात नाही. पृथ्वीच्या परिवलनामुळे निर्माण होणारे कोरिऑलिस बल उत्तर गोलार्धात तिला उजवीकडे वळविते आणि परिणामी वारे केंद्राभोवती घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध दिशेने फिरू लागतात. विषुववृत्तावर हे बल शून्य असल्याने तेथे चक्रीवादळे तयार होत नाहीत. पुढील सारे विवेचन या एका बाबीवर, म्हणजे काट्यांच्या विरुद्ध फिरणाऱ्या वाऱ्यावर, उभे आहे.

भारतीय हवामानशास्त्र विभाग वाऱ्याच्या वेगानुसार वादळाच्या पायऱ्या ठरवितो. ताशी ३१ ते ४९ किलोमीटर वेग असेल तर अवदाब, ५० ते ६१ असेल तर तीव्र अवदाब आणि ६२ किलोमीटरच्या पुढे चक्रीवादळ. नाव मिळते ते येथे. ८९ च्या पुढे तीव्र, ११८ च्या पुढे अतितीव्र, १६७ च्या पुढे अत्यंत तीव्र आणि २२२ किंवा त्याहून अधिक वेग असल्यास महाचक्रीवादळ. उत्तर हिंदी महासागरातील वादळांना नावे देण्याची पद्धत २००४ पासून सुरू झाली. किनाऱ्यावरील देश आळीपाळीने नावे सुचवितात. ‘निसर्ग’ हे नाव बांगलादेशाने, तर ‘तौक्ते’ हे म्यानमारने दिलेले असून त्या शब्दाचा अर्थ एक प्रकारची पाल असा होतो. नामकरणाचा एक तोटा नमूद करावयास हवा. नाव मिळेपर्यंत लोक वादळाची दखल घेत नाहीत. लहान होडीला मात्र ताशी पन्नास किलोमीटरचा बिननावाचा वाराही पुरेसा असतो.

‘वादळ’ हा मराठी शब्दही थोडा फसवा आहे. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला छेडानगर येथे महाकाय जाहिरातफलक कोसळून १७ जणांचा बळी गेला, तो धुळीच्या वादळात. हे वादळ जमिनीवर, मेघगर्जनेच्या ढगांपासून उद्भवले आणि थोड्या वेळात ओसरले. २६ जुलै २००५ चा प्रलयही चक्रीवादळाचा नव्हता. या घटनांचे शास्त्र वेगळे असून येथे केवळ समुद्रावर जन्मणाऱ्या आवर्ताचा विचार केला आहे.

दोन हंगाम :

अरबी समुद्रात चक्रीवादळे प्रामुख्याने मे-जूनच्या सुरुवातीस आणि ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात उद्भवतात. ऐन पावसाळ्यात समुद्र उबदार असूनही ती विरळ असतात. मोसमी वाऱ्यांच्या काळात पृष्ठभागाजवळ नैर्ऋत्येचे, तर उंचावर पूर्वेकडील जोरदार वारे वाहतात. वरचा आणि खालचा वारा असे विरुद्ध दिशांना खेचू लागले, की वादळाचा उभा स्तंभ सरळ राहू शकत नाही.

हे दोन्ही हंगाम मासेमारीच्या दोन नाजूक वेळांवर येतात. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीस बंदी असते. मे महिना हा हंगामाचा शेवट असल्याने पावसाळ्याची बेगमी करण्यासाठी नौका अखेरच्या फेऱ्या मारीत असतात. गोराई, मनोरी, मढ, वेसावे येथे बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळत असतात, डोल जाळी समुद्रात लावलेली असतात. या वेळी आलेला दोन दिवसांचा पाऊस बोटीस धक्का न लावताही घरचे उत्पन्न बुडवितो. याउलट नोव्हेंबरातील वादळ नौकांना खोल समुद्रात गाठते. ११ नोव्हेंबर २००९ रोजी ‘फयान’ हे वादळ मुंबई आणि अलिबाग यांच्या दरम्यान किनाऱ्यास लागले. त्याने कोकणातील मच्छीमारांना जी किंमत मोजावयास लावली, ती मुख्यतः किनाऱ्यावर नव्हे तर समुद्रात. २०१७ च्या ‘ओखी’ वादळात केरळ आणि तमिळनाडूच्या अनेक नौका भरकटत सिंधुदुर्गातील देवगड बंदरात आश्रयास आल्या होत्या, आणि त्याच वादळाच्या पावसाने ५ डिसेंबर रोजी मुंबईतील शाळा बंद ठेवाव्या लागल्या.

पूर्वी अरबी समुद्र हा बंगालच्या उपसागराच्या तुलनेत शांत मानला जाई. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील मेधा देशपांडे व सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार १९८२-२००० या काळाच्या तुलनेत २००१-२०१९ मध्ये अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या सुमारे ५२ टक्क्यांनी वाढली, तर बंगालच्या उपसागरात ती सुमारे ८ टक्क्यांनी घटली. एकट्या २०१९ मध्ये वायू, हिक्का, क्यार, महा आणि पवन अशी पाच चक्रीवादळे या समुद्राने पाहिली. हा समुद्र तापतो आहे आणि मुंबईच्या जुन्या समजुती त्याच्या जुन्या स्वभावावर आधारलेल्या आहेत.

उजवी आणि डावी बाजू :

वादळ एकाच वेळी दोन प्रकारे हालचाल करते. ते स्वतःभोवती फिरते आणि पुढेही सरकते. समजा, केंद्राभोवतीचा वारा ताशी १०० किलोमीटर वेगाने फिरत आहे आणि संपूर्ण वादळ ताशी २० किलोमीटर वेगाने उत्तरेकडे चालले आहे. वादळाच्या मार्गाकडे तोंड करून उभे राहिल्यास उजव्या हाताला फिरणारा वारा वादळाच्या चालीच्याच दिशेने वाहतो, म्हणून तेथे दोन्ही वेगांची ढोबळमानाने बेरीज होते. डाव्या हाताला वजाबाकी होते. एकाच वादळाची एक बाजू १२० ची आणि दुसरी ८० ची होते ती अशी. जुन्या दर्यावर्दी ग्रंथांत उजव्या भागास घातक अर्धवर्तुळ आणि डाव्या भागास नौगम्य अर्धवर्तुळ अशा अर्थाची नावे आहेत. ‘सायक्लोन’ हा शब्द घडविणाऱ्या हेन्री पिडिंग्टन यांनी एकोणिसाव्या शतकात कलकत्त्यात बसून वादळांचा अभ्यास केला, तो अशाच नाविकांच्या नोंदवह्यांवरून.

किनाऱ्यासाठी मात्र वेगाहून दिशा अधिक महत्त्वाची ठरते. आपला किनारा दक्षिणोत्तर आहे आणि समुद्र पश्चिमेस आहे. वादळ किनाऱ्याशी समांतर, समुद्रातून उत्तरेकडे जात असेल तर संपूर्ण किनारा त्याच्या उजव्या हाताला येतो. वारे दक्षिणेकडून, पुढे नैर्ऋत्येकडून येतात, समुद्राचे पाणी किनाऱ्याकडे लोटतात आणि बाष्पाने भरलेले ढग जमिनीवर आणतात. ‘तौक्ते’ या मार्गाने गेले. याउलट ‘निसर्ग’ उपनगराच्या दक्षिणेस किनाऱ्यास लागून ईशान्येकडे, म्हणजे सह्याद्रीच्या दिशेने निघून गेले. मुंबई त्याच्या डाव्या हाताला राहिली. येथील वारा पूर्व आणि ईशान्येकडून, जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा होता. त्याने पाणी किनाऱ्यापासून दूर लोटले. उजव्या हाताला राहिलेल्या श्रीवर्धन, मुरुड, दापोली, मंडणगड या भागांतील नारळी-पोफळीच्या बागा मात्र आडव्या झाल्या. मुंबई वाचली याचा अर्थ वादळ दुबळे होते असा होत नाही.

यात भरतीचाही हिशेब मिळवावा लागतो. अमावास्या-पौर्णिमेस उधाणाची भरती येते आणि अष्टमीच्या सुमारास भांगाची. ‘निसर्ग’ आले ते ५ जूनच्या वटपौर्णिमेच्या दोनच दिवस आधी, म्हणजे उधाणाच्या तोंडावर. मुंबईत पौर्णिमेस भरती दुपारी बाराच्या सुमारास येते. दोन दिवस आधी ती सकाळी दहाच्या आसपास असते. वादळ दुपारी साडेबारानंतर किनाऱ्यास लागले तेव्हा ओहोटी सुरू झाली होती. ‘तौक्ते’च्या वेळी ११ मेची अमावास्या उलटून सहा दिवस झाले होते, अक्षय्य तृतीयाही सरली होती आणि समुद्र भांगाकडे चालला होता. एका वादळात वारा अनुकूल होता व भरती मोठी, तर दुसऱ्यात वारा प्रतिकूल होता व भरती बेताची. उजव्या बाजूचा वारा आणि उधाणाची दुपारची भरती यांची गाठ पडली, तर ओशिवरा, पोईसर, दहिसर या नद्यांचे पाणी खाडीत उतरण्यास वावच राहणार नाही, कारण खाड्यांची पातळी वादळाच्या फुगवट्यामुळे आधीच वर आलेली असेल. २०२० मध्ये उपनगरास निभावून नेले ते वाऱ्याच्या दिशेने आणि २०२१ मध्ये तिथीने, याची नोंद वादळानंतरच्या चर्चेत क्वचितच दिसते.

खोल समुद्रात तिथीचा असा आधार नसतो. ‘तौक्ते’च्या दिवशी मुंबईच्या नैर्ऋत्येस तेलक्षेत्राच्या परिसरात ‘पी-३०५’ ही निवासी बार्ज नांगर तुटून वाहत गेली आणि बुडाली. तिच्यावरील २६१ माणसांपैकी १८६ जणांना वाचविण्यात नौदल व इतर यंत्रणांना यश आले. वादळाचा इशारा त्याआधी काही दिवस प्रसृत झालेला होता.

बावट्याची भाषा :

वृत्तपत्रांतून ‘बंदरावर तीन नंबरचा बावटा’ अशी बातमी नेहमी वाचावयास मिळते. हा तीन नंबर काय सांगतो, हे क्वचितच छापले जाते. भारतीय बंदरांवर एकूण अकरा इशारे वापरले जातात. दिवसा आकृत्या आणि रात्री दिवे टांगून ते दाखविले जातात. बावटा हा शब्द जुन्या काळापासून चालत आलेला आहे. पहिले दोन इशारे दूर समुद्रातील वादळाविषयी असतात. तिसरा आणि चौथा बंदरावरच वादळी हवामानाची शक्यता व्यक्त करतात. पाचपासून दहापर्यंतचे इशारे धोक्याचे व महाधोक्याचे. अकरावा इशारा हवामान केंद्राशी संपर्क तुटल्याचे सांगतो, आणि कदाचित सर्वांत भीतिदायक तोच आहे.

यांतील पाच ते दहा हे इशारे नीट पाहण्याजोगे आहेत. पाचव्याचा अर्थ असा, की वादळ बंदराला आपल्या डाव्या हाताला ठेवून जाईल. सहाव्यात बंदर उजव्या हाताला राहील. सातव्यात वादळ बंदरावरून किंवा अगदी जवळून जाईल. आठ, नऊ आणि दहा हीच त्रयी अधिक तीव्र वादळासाठी पुन्हा येते. म्हणजे बाजूचे जे ज्ञान ‘निसर्ग’ आणि ‘तौक्ते’ यांतील फरक उलगडते, ते या इशाऱ्यांत आधीपासूनच अंतर्भूत आहे. नागरिकांपर्यंत मात्र केवळ आकडा पोहोचतो आणि मोठा आकडा म्हणजे मोठे संकट एवढाच बोध होतो. दूरचित्रवाणीवरील नकाशातही केंद्राची रेषा ठळक असते. प्रेक्षक ती रेषा आपल्या घरावरून जाते की नाही एवढेच पाहतो. सहा हा आकडा पाचच्या पुढचा म्हणून नव्हे, तर तो दुसऱ्या बाजूचा म्हणून वाचावयाचा असतो.

दूरचे वादळ, जवळची लाट :

बाजूचा विचार करूनही एक धोका उरतो. १२ जून २०२३ रोजी ‘बिपरजॉय’ वादळाचे केंद्र मुंबईपासून पाचशे किलोमीटरांहून अधिक अंतरावर होते. त्या दिवशी जुहूच्या समुद्रात उतरलेल्या मुलांपैकी चौघांचा बुडून मृत्यू झाला. वादळ १५ जून रोजी कच्छमध्ये जखाऊजवळ किनाऱ्यास लागले.

वादळाच्या पट्ट्यात उठलेल्या लाटा तेथेच विरत नाहीत. त्यांतील लांब लाटा वादळाच्या पुढे धावतात. दोन शिखरांमध्ये चौदा सेकंदांचे अंतर असणाऱ्या लाटांचा समूह खोल पाण्यात ताशी सुमारे चाळीस किलोमीटर वेगाने प्रवास करतो, म्हणजे सहाशे किलोमीटरवरून तो पंधरा तासांत येऊन ठेपतो. खोल समुद्रात या लाटा सपाट आणि निरुपद्रवी भासतात. उथळ किनाऱ्यावर आल्यावर त्या उंचावतात व परतताना पायाखालची वाळू आणि माणूस दोन्ही ओढून नेतात. आकाश निरभ्र असतानाही हे घडू शकते, आणि घात होतो तो याच कारणाने, कारण शहरवासी समुद्राचा अंदाज आकाशाकडे पाहून बांधतात. हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र उंच लाटांचे इशारे स्वतंत्रपणे देते. चौपाटीवर जाणाऱ्याने पावसाच्या अंदाजाहून तो इशारा आधी पाहणे श्रेयस्कर.

वाऱ्याचे वळण :

जानेवारी २०२२ मध्ये अंधेरी पूर्वेस वेरावली येथे डॉप्लर रडार कार्यान्वित झाले. कुलाब्याच्या रडारला जोड मिळाल्याने उपनगरावरील ढगांचे चित्र अधिक स्पष्ट झाले आहे. याची गरज २००५ मध्येच प्रकर्षाने जाणवली होती. २६ जुलैला सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस पडत असताना कुलाब्यात तो ७३ मिलिमीटरच होता. तथापि पृथ्वीच्या वक्रतेमुळे रडारची नजर काही शे किलोमीटरांपलीकडे पोहोचत नाही. दूर समुद्रातील वादळ उपग्रहच पाहतो, आणि लहान होडीवरील नाखव्याजवळ अनेकदा दोन्हींपैकी काही नसते.

त्याच्याजवळ वारा असतो. डच शास्त्रज्ञ बाईज बॅलट यांनी १८५७ मध्ये मांडलेल्या नियमानुसार उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिल्यास कमी दाबाचे केंद्र डाव्या हाताला असते. वेसाव्याच्या किनाऱ्यावर वारा पूर्वेकडून येत असेल तर पाठ पूर्वेस, तोंड समुद्राकडे आणि डावा हात दक्षिणेकडे होतो; वादळ तेथे आहे. वारा दक्षिणेकडून येत असेल तर ते पश्चिमेस समुद्रात आहे. त्याहून उपयुक्त खूण म्हणजे वाऱ्याचे वळणे. काही तासांत वारा पूर्वेकडून आग्नेय, मग दक्षिण, मग नैर्ऋत्य असा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरत गेला, तर ठिकाण वादळाच्या उजव्या बाजूस आहे. तो पूर्वेकडून ईशान्य आणि मग उत्तर असा उलट फिरला, तर डाव्या बाजूस. ‘तौक्ते’ पहिल्या प्रकारचे होते आणि ‘निसर्ग’ दुसऱ्या.

वेसावे आणि मढ यांच्यामधील मालाड खाडीचे मुख नैर्ऋत्येकडे उघडे आहे. उत्तर किंवा ईशान्येच्या वाऱ्यात मुखाजवळ नांगरलेली होडी मढच्या भूभागाच्या आडोशास राहते. दक्षिण-नैर्ऋत्येचा वारा मात्र लाटांसह थेट खाडीत शिरतो, मुखाजवळच्या होड्या एकमेकींवर आदळतात आणि दोरखंड तुटतात. तेव्हा वारा आग्नेयेकडून दक्षिणेकडे सरकू लागला, की होडी पुढच्या भरतीबरोबर खाडीत आत, तिवरांच्या आडोशाला नेऊन बांधावी लागते. ते काम करण्यास हातात एका भरतीपुरताच वेळ असतो.